सलग तेवीस विजय

४ फेब्रुवारी

आजपासून बुद्धिबळ. तसा एकोणीस वर्षं खेळतोय, पण ते नुसतं खेळणं झालं. आजपासून सुधारणं.

सद्यस्थिती: लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सासऱ्यांसमोर पहिला डाव मांडला, तेव्हापासून विजय शून्य, बरोबरी अकरा. पराभव मोजलेले नाहीत. आता ते थांबणारच आहेत, तर मोजायचे कशाला.

संकल्प: सकाळी उठल्यावर दहा कोडी. बुद्धिबळाचं एक पुस्तक आणलंय, त्याचं रोज एक प्रकरण. प्रत्येक डाव वहीत उतरवायचा आणि खाली शेरा लिहायचा. नोंद नाही तर प्रगती नाही, असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. वही आणली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी.

संध्याकाळी सासऱ्यांना सांगितलं की इथून पुढे मी गंभीरपणे खेळणार. ते म्हणाले, अरे वा, म्हणजे इतके दिवस लाजत होतात होय. आणि सतराव्या चालीला मात दिली.

शेरा: सुरुवात उत्तम.

५ फेब्रुवारी, सकाळी ७

कोडी दहा. बरोबर दोन. पण ती दोन फार अवघड होती.

९ फेब्रुवारी

मोबाइलवर ऑनलाइन खेळायला सुरुवात केली. रेटिंग ८१२. कन्या म्हणाली, पप्पा, हे कमी असतं. म्हटलं, अजून त्यांनी मला ओळखलेलं नाही. ती म्हणाली, मला वाटतं ओळखलंय. वय वर्षं सोळा, आणि ही भाषा. आईवर गेली आहे.

११ फेब्रुवारी

ऑफिसात एक विरोधक मिळाला. आमच्या स्टोअरकीपर बाई. मी तपासणीला निघण्याआधी केबल, ग्रीस, ब्रेकचे पॅड यांची चिठ्ठी घेऊन त्यांच्या खिडकीशी जातो, तर काउंटरखाली छोटा पट. वीस वर्षं मी लिफ्टा तपासतोय, रोज त्या खिडकीवर जातोय, आणि आज कळलं. जेवणाच्या सुट्टीत दोन डाव झाले. दोन्ही हरलो. बाई एका हाताने स्टॉकचं रजिस्टर भरत होत्या, त्यामुळे माझं लक्ष विचलित झालं.

मार्चअखेर चार कंपन्यांची स्पर्धा आहे. नाव दिलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सासरे बाथरूममध्ये घसरले. डोकं मागून नळावर आपटलं. टेंगूळ लिंबाएवढं, रक्त नाही. ते स्वतः हसत होते. म्हणाले, नळ बघा आधी, नवीन होता. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ही त्यांना आमच्याकडे घेऊन आली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूची त्यांना आमच्यापेक्षा जास्त काळजी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला, बोटं मोजायला लावली, रेषेवरून चालायला लावलं. आत्ता ठीक आहेत म्हणाले. पण या वयात आतल्या आत रक्त हळूहळू साचतं, कधीकधी महिन्याने कळतं. डोकं दुखायला लागलं, झोप वाढली, चालण्यात, बोलण्यात, समजण्यात जरासा जरी फरक वाटला, तर त्याच दिवशी आणा. वेळेत आणलं तर फार मोठं काम नसतं.

घरी आल्यावर ही म्हणाली, अहो, मी छापखान्यातून यायची साडेसातला. तुम्ही रोज दोन तास त्यांच्या समोर बसता. तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी बघत नाही. लक्ष ठेवाल ना?

म्हटलं, अगं, माझं कामच ते. वीस मजली लिफ्ट कुठे कुरकुरते ते मी डोळे मिटून सांगतो. तुझे बाबा तर हाताच्या अंतरावर.

संध्याकाळी टेंगळासकट त्यांनी मला बावीस चालींत हरवलं. शेरा: समोरचा जखमी असल्यामुळे मी मनापासून खेळलो नाही.

२२ फेब्रुवारी

टेंगूळ उतरलं. ही रोज विचारते, बाबा ठीक ना. रोज सांगतो, एकदम ठीक, कालही मला हरवलं. तिला बरं वाटतं. माझ्या हरण्याचा असा उपयोग यापूर्वी कोणी केला नव्हता.

पुस्तक: प्रकरण तीन. एक पान वाचलं, त्यावर बराच विचार केला, तेवढ्यात बातम्या लागल्या.

४ मार्च, रात्री ८.४०

जिंकलो.

जिंकलो.

पुन्हा लिहितो, कारण दोनदा लिहूनही खात्री पटत नाही: जिंकलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. अठ्ठाविसाव्या चालीला त्यांनी वजीर उचलून सरळ माझ्या उंटाच्या वाटेवर ठेवला आणि चहाचा कप तोंडाला लावला. मी पाच मिनिटं हललो नाही. सापळा असणार. कागदावर रेघा मारून बघितलं. सापळा नव्हता. घेतला.

सासरे पटाकडे बघतच राहिले. म्हणाले, हा इथे कसा आला? म्हटलं, बाबा, याला म्हणतात तयारी.

आइस्क्रीम आणलं. सासऱ्यांनी खाल्लं नाही, डोकं जड आहे म्हणाले आणि जाऊन पडले. ही म्हणाली, डोकं दुखतंय का हो त्यांचं? म्हटलं, अगं, पहिल्यांदा हरलेत, जरा वेळ दे. माझं एकोणीस वर्षं दुखत होतं, तेव्हा कुठे कोणी विचारलं.

७ मार्च

तिसरा. सलग.

सहावं प्रकरण माझ्यासाठीच लिहिलंय: ‘प्रतिस्पर्ध्याचं मन’. आपण वरचढ झालो की समोरचा आतून खचतो, आणि खचल्याच्या खुणा दिसू लागतात. त्या टिपून ठेवाव्यात म्हणजे आपला आत्मविश्वास वाढतो. टिपल्या:

कपाळ धरून बसतात. चाल कुणाची, असं दोनदा विचारलं. मधेच डोळे मिटतात. डाव्या हाताने मोहरा उचलताना शेजारचा पाडतात.

चारही खुणा. एका आठवड्यात. पुस्तकात दोन-तीन महिने लागतात म्हटलंय.

१० मार्च

ऑनलाइन रेटिंग ७४५. ऑनलाइन सगळे चोर असतात. कॉम्प्युटरला विचारून खेळतात. समोरासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो दबाव टाकता येतो, तो ऑनलाइन टाकता येत नाही. माझं बलस्थान तिथे वाया जातं.

कन्येला हे समजावलं. ती म्हणाली, म्हणजे तुमचा चेहरा बघून लोक हरतात? तसं म्हटलं तर हो.

१४ मार्च

वहीत डावीकडे मी माझ्या चाली लिहितो, उजवीकडे सासरे त्यांच्या. त्यांनी आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढले, त्यामुळे अक्षर असं की बघणाऱ्याला छापलेलं वाटावं. आज मागची पानं चाळली. फेब्रुवारीत त्यांच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ. या आठवड्यात उजवीकडे उतरत जातात, शेवटचे दोन आकडे तर समासाबाहेर.

म्हणजे खचणं कागदावरसुद्धा दिसतं. शेजारी माझं अक्षर उलट सुधारलंय.

शेरा लिहिला: प्रतिस्पर्धी पूर्ण गोंधळलेला. माझ्या दबावाचा परिणाम.

१८ मार्च

अकरावा. पण आता रोज डाव होत नाही. कधी सहाला हाक मारावी तर झोपलेले. कालचा डाव ते झोपेत हरले म्हटलं तरी चालेल. मोजला.

ही म्हणाली, अहो, त्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना मागेच राहते, त्यांना कळतसुद्धा नाही. तुम्हाला काही जाणवतं का? म्हटलं, चप्पल सैल झाली असेल. ती म्हणाली, चप्पल तीच आहे. म्हटलं, मग पाय बारीक झाला असेल.

ती म्हणाली, तुम्ही नीट बघताय ना? मला जरा राग आला. मी म्हणालो, रोज दोन तास बघतोय. डोकं तल्लख आहे. हरतात ते माझ्यामुळे. मी सुधारलो हे या घरात एकालाही मान्य करवत नाही, एवढंच दुखणं आहे.

तिने ती चप्पल उचलून दाराशी ठेवली. मग म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असेल.

२१ मार्च

तेरावा.

हिने तरी शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतलीच. मी पुढे ढकलायला लावली. कारणं: (१) शनिवारी मला स्पर्धेची तयारी, आणि त्यांना धरून न्यायला दोन माणसं लागतात, (२) म्हाताऱ्या माणसाला उगाच तपासायला नेलं की त्याचा धीर सुटतो, (३) फरक काही नाहीच.

तिसरं कारण हिला पटलं, कारण ते मी सांगितलं.

चौथं डावांच्या वहीत नाही, फक्त इथे, डायरीत लिहितो. डॉक्टर हल्ली काहीही शोधून काढतात. उद्या म्हणाले डोक्यात जरा कमी-जास्त आहे, तर माझ्या तेरा विजयांना कोण विचारणार? स्पर्धा होऊ दे. मग नेऊ. पंधरा दिवसांनी काय होतंय.

२४ मार्च

चौदावा. पण आज एक विचित्र प्रकार.

अकराव्या चालीला सासऱ्यांनी घोडा हातात घेतला आणि धरूनच बसले. मग हळू आवाजात म्हणाले, जावईबापू, हा कुठे कुठे जातो? मला वाटलं चेष्टा. म्हटलं, बाबा, घोडा आहे तो. ते म्हणाले, घोडा आहे ते दिसतंय हो. कुठे जातो ते सापडत नाहीये. कालपासून सापडत नाहीये. डोक्यात कुणीतरी ओलं फडकं पिळून ठेवलंय असं वाटतं. तुम्ही सांगा हिला. मी सांगायला गेलो तर वाक्य मधेच सुटतं आणि ती घाबरते.

प्रकरण नऊ: ‘हरणाऱ्याच्या सबबी’. उन्हापासून अपचनापर्यंत एकोणीस सबबी दिल्या आहेत. ही विसावी.

घोडा कुठे जातो ते दाखवलं. त्यांनी बरोबर चुकीच्या घरात ठेवला. घेतला.

हिला सांगायचं होतं, पण जेवताना ती छापखान्यातल्या कटकटी सांगत होती, मग भांडी, मग राहून गेलं. उद्या.

२५ मार्च

आज हिला यायला उशीर. उद्या.

२७ मार्च

सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? बाबांना घोडा येत नाही, असं? हसेल ती.

३० मार्च, स्पर्धा

पाच डाव. पाच पराभव.

सविस्तर लिहिणं प्रगतीसाठी आवश्यक आहे. पहिला: क्रेन चालवणाऱ्या बाई. उंचावरून बघायची सवय, त्यांना पट जास्त दिसतो. दुसरा: एका कंपनीच्या दवाखान्यातला दंतवैद्य. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. तिसरा: नाव आठवत नाही, त्याला सर्दी होती. चौथा: तीन महिन्यांपूर्वी बुद्धिबळ शिकलेला एक गोदामवाला, त्याने स्वतःच तसं सांगितलं, माझ्या मते खोटं. पाचवा: आमच्याच स्टोअरकीपर बाई. त्यांनी नऊ चालींत मात दिली आणि सॉरी म्हणाल्या.

शिवाय हॉलमधला एक ट्यूबलाइट फडफडत होता.

घरी सांगितलं, चुरशीचे झाले डाव. सासरे जागे होते. त्यांनी विचारलं, कुठे गेला होतात? सकाळीच मला शुभेच्छा देऊन झोपले होते.

२ एप्रिल

स्टोअरकीपर बाईंनी आज खिडकीतून केबलचं बंडल देता देता विचारलं, सर, तुम्ही सासऱ्यांना सतरा वेळा हरवलंत म्हणता ना? म्हटलं, अठरा. त्या म्हणाल्या, आणि मला किती वेळा? मी चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा तपासले. त्या म्हणाल्या, ऑनलाइन रेटिंग? ते आज ६४० आहे. म्हटलं, चढ-उतार चालतात.

मग त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, सर, रागावू नका. माणूस सुधारला तर सगळ्यांशी सुधारतो. एकाच माणसाशी कोण सुधारतं? एकाच लिफ्टमध्ये वजनकाटा कमी दाखवत असेल तर तुम्ही माणसं बारीक झाली म्हणाल, की काटा तपासाल? सासऱ्यांना दाखवा हो कुणाला तरी.

मत्सर. नऊ चालींत जिंकूनसुद्धा इतका मत्सर.

परतताना लिफ्टच्या काट्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना. सातव्या मजल्यावरची तपासणी दोनदा केली. काटा बरोबर होता.

५ एप्रिल

विसावा! विसाव्या विजयाला काहीतरी करायला हवं होतं. पण कन्या तोंड पाडून बसलेली. म्हणाली, आजोबांनी मला तीन वेळा मावशीच्या नावाने हाक मारली. आणि शर्टाची बटणं लावताना रडले. म्हटलं, वय झालं की डोळे पाणावतात. ती म्हणाली, पप्पा, ते डोळे पाणावणं नव्हतं. रडले.

ही आत होती. तिने ऐकलं. सोमवारची वेळ घेऊ म्हणाली. सोमवारी डॉक्टर गावाला. बुधवारची मिळाली. यात माझा काही हात नाही, हे नोंदवून ठेवतो.

९ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी ६.३५

बाविसावा. चौदाव्या चालीला सासऱ्यांनी पटावर मान टाकली. मोहरे सगळीकडे. मला वाटलं डाव सोडला. वहीत निकाल लिहिला, शेरा लिहिला: प्रतिस्पर्ध्याने शरणागती पत्करली.

मग त्यांना हाक मारली.

७.५०

हॉस्पिटल. ही छापखान्यातून थेट आली. हातावर शाई तशीच.

१० एप्रिल

सकाळी ऑपरेशन झालं. कवटीला दोन भोकं पाडून साचलेलं रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, काळंकुट्ट, जुनं होतं. खूप होतं.

त्यांनी हिला विचारलं, फरक कधीपासून पडला? ही म्हणाली, चप्पल सुटायला लागली पंधरा-वीस दिवसांपूर्वी, पण तेव्हा ह्यांनी सांगितलं ठीक आहेत. नक्की तारीख नाही सांगता येणार.

मला सांगता येत होती. डावांची वही पिशवीत होती. माझ्याकडे नोंद आहे म्हणालो.

डॉक्टरांना थोडंफार खेळता येत असावं. उभ्यानेच पानं उलटायला लागले, मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, कमाल आहे, इतकी पद्धतशीर नोंद मला एकाही नातेवाइकाने कधी दिली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आजवर कोणी माझे डाव इतक्या लक्षपूर्वक वाचले नव्हते.

मग त्यांनी ४ मार्चच्या पानावर बोट ठेवलं. इथून, म्हणाले. तिथून बोट खाली-खाली नेत गेले. इथे नजर एका बाजूने कमी झाली असणार. इथे हात. इथे बघा, ओळी उतरताहेत. इथे मोहऱ्याची चालच गेली. मग एकदम वर बघितलं आणि विचारलं, हे शेरे कुणाचे?

माझे, म्हटलं.

तुम्ही रोज समोर होतात?

हो.

वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली नाही, हिच्याकडे दिली.

१३ एप्रिल

हिने वही वाचून काढली. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर, चष्मा लावून, छापखान्यात प्रूफं वाचते तशी, ओळीखाली बोट धरून. २४ मार्चच्या पानावर बोट थांबलं. तिथे मी शेऱ्यात लिहिलं होतं: घोडा कुठे जातो हे विचारलं. वीस क्रमांकाची सबब.

मला वाटलं आता ओरडेल. तयारी ठेवली होती. त्या डॉक्टरांनी आधी ठीक सांगितलं होतं, तुलाही दिसत होतं, ऑफिसचं काम, स्पर्धा. बरीच उत्तरं होती.

तिने विचारलंच नाही.

१६ एप्रिल

डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, महिनाभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तर दोन दिवसांत घरी गेले असते. आता मेंदू फार दिवस दाबलेला राहिला. किती परत येईल ते बघायचं. काही येईल. सगळं येईलच असं नाही.

घरी ही माझ्याशी बोलत नाही असं नाही. कन्येमार्फत बोलते. पप्पांना विचार जेवताय का. पप्पांना सांग किल्ली शेल्फवर आहे. मेहुणीचा रोज फोन येतो, तेव्हा आतल्या खोलीत जाऊन दार लावते.

मोबाइलवरचं बुद्धिबळ काढून टाकलं. शेवटचं रेटिंग ५९१.

२२ एप्रिल

सासरे घरी आले. डोक्याचा तुळतुळीत गोटा, टाक्यांच्या दोन खुणा. चालतात, भिंत धरून. कन्येला बरोबर हाक मारली. मला बघून हसले. म्हणाले, या, कधी आलात? म्हटलं, मी इथेच असतो, बाबा. म्हणाले, हो हो. मग थोड्या वेळाने पुन्हा, कधी आलात.

२८ एप्रिल

डॉक्टर म्हणाले होते, सवयीचं काहीतरी करायला द्या. खेळायचे ना, मग पट मांडा. पूर्वीसारखे खेळले तर त्याहून चांगली खूण नाही.

तेव्हापासून घरात सगळे पटाकडे बघून न बघितल्यासारखं करतात. आज संध्याकाळी ही समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, अहो, बसता का बाबांबरोबर? अठरा दिवसांनी अहो. मग म्हणाली, मी आत थांबते. मला बघवणार नाही. झालं की सांगा, कोण जिंकलं.

मी ठरवलं, आज हरायचं. या एका गोष्टीचा मला एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. तयारी लागणार नाही. पुस्तक उघडायची गरज नाही. गॅलरीत जाऊन नेहमीसारखं खेळायचं, की झालं.

पट मांडला. त्यांना पांढरे दिले. त्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, पूर्वी टाकायचे तसंच, बोटाने हलकेच ढकलून. आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता.

पाचव्या चालीला मी एक प्यादं फुकट दिलं. घेतलं नाही. नवव्याला घोडा दिला. त्यांनी घोड्याकडे बघितलं, छान आहे म्हणाले, आणि कोपऱ्यातलं प्यादं सरकवलं. बाराव्याला वजीर उचलून त्यांच्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवला. म्हटलं, बाबा, हा बघा, वजीर. त्यांनी बघितला. म्हटलं, घेता येईल बरं का. ते म्हणाले, असू दे, तुमचा आहे.

हरण्यासाठी मी इतकी मेहनत कधीच केली नव्हती. कपाळावर घाम आला. सगळं देत सुटलो. ते काहीच घेईनात. एकविसाव्या चालीला द्यायचा राहिलेला हत्ती नेऊन थेट त्यांच्या राजाला चिकटवून ठेवला. शह. आता तरी घ्या. राजाने नुसतं उचलून खायचं, लहान मुलाला जमेल.

ते विचार करायला लागले. मीही बघायला लागलो. तेव्हा मला दिसलं. दूरच्या कोपऱ्यात माझा एक उंट होता, मीच विसरलेला, आणि त्याची नजर नेमकी त्या घरावर. हत्ती खाता येणार नव्हता. बाजूला त्यांचीच प्यादी. सरकायला घर नव्हतं.

मात. आयुष्यात मी दिलेली सगळ्यात सुंदर मात. पुस्तकात छापावी अशी. चुकून.

आतून हिचा आवाज आला. झालं का हो? कोण जिंकलं?

मी म्हणालो, बाबा.

तिने काहीतरी खाली ठेवलं, घाईत, सांडलं असावं. पावलं ऐकू आली. सासरे पटाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी कुणीतरी आत असल्यासारखं बघितलं. हात पुढे करून त्यांनी आपला राजा हळूच आडवा केला, डाव सोडताना करतात तसा. आणि ती दारात पोचायच्या आत पुन्हा उभा केला.

ही त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि त्यांच्या त्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाबा, जिंकलात? खरंच? ते म्हणाले, हे म्हणतात बुवा. मग तिने तिथूनच मेहुणीला फोन लावला. अगं, बाबा जिंकले. हो, आत्ता, समोर. ह्यांना हरवलं, नेहमीसारखं. नाही गं, खोटं कशाला सांगू, ह्यांनी स्वतः सांगितलं मला. नेहमीसारखं हरवलं.

बोलता बोलता ती माझ्याकडे बघून हसली. मी पटावरचे मोहरे पटापट डब्यात भरले.